मोडक्या छत्रीचा प्रवासी आणि इडाचा चंद्र

दोस्तांनो, एक्सप्रेस गाडी एखाद्या लहान स्टेशनातून न थांबता धडधडत जाते, तेव्हा खिडकीतून त्या स्टेशनची पाटी वाचायचा प्रयत्न तुम्ही कधी ना कधी केलाच असेल. पिवळी पाटी येते, दोन अक्षरं दिसतात आणि गाडी पुढे निघून जाते. प्लॅटफॉर्मवर कोण उभं होतं, मागे डोंगर होता की शेत, काही काही कळत नाही.

आता अशी कल्पना करा, की गाडीचा वेग सेकंदाला १२ किलोमीटर आहे. म्हणजे मुंबईहून पुण्यापर्यंतचा १९२ किलोमीटरचा लोहमार्ग सोळा सेकंदांत पार! आणि ज्या स्टेशनातून ही गाडी जाणार आहे, तिथे आजवर कोणीच गेलेलं नाही. ते दिसतं कसं, हेही कोणाला ठाऊक नाही. फोटो काढायचे ते याच फेरीत, कारण गाडी परत या वाटेनं येणार नाही. शिवाय गाडीत माणूस एकही नाही. आहे फक्त एक यंत्र, आणि त्या यंत्राची छत्री मोडलेली!

ही गोष्ट गोष्टीच्या पुस्तकातली नाही, अगदी खरी आहे. या प्रवाशाचं नाव गॅलिलिओ. चला, आज त्याच्याबरोबर जाऊ या.

वाकडी वाट

गॅलिलिओ हे अमेरिकेच्या 'नासा' या संस्थेचं अंतराळयान. त्याला जायचं होतं गुरू ग्रहाकडे. इटलीच्या गॅलिलिओ या शास्त्रज्ञानं १६१० साली आपल्या दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र पाहिले होते, म्हणून यानालाही त्याचंच नाव दिलं.

यान १९८६ साली निघायचं होतं. पण त्याच वर्षी २८ जानेवारीला 'चॅलेंजर' या स्पेस शटलचा भीषण अपघात झाला आणि त्यातले सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. शटलची उड्डाणं थांबली. गॅलिलिओला पुढे ढकलायला जे जोरदार रॉकेट वापरायचं ठरलं होतं, ते शटलमधून नेणं धोक्याचं आहे म्हणून तो बेतही रद्द झाला. शेवटी १८ ऑक्टोबर १९८९ रोजी 'अटलांटिस' शटलमधून गॅलिलिओ निघाला, पण कमी ताकदीच्या रॉकेटवर. एवढ्या ताकदीनं सरळ गुरूपर्यंत पोचता येणार नव्हतं.

मग शास्त्रज्ञांनी काय केलं? त्यांनी वाकडी वाट धरली. यान आधी उलट दिशेला, शुक्राकडे पाठवलं. फेब्रुवारी १९९० मध्ये शुक्राच्या गुरुत्वाकर्षणाचा झोका घेऊन ते वेगानं पृथ्वीकडे आलं. डिसेंबर १९९० मध्ये पृथ्वीनं झोका दिला. सूर्याभोवती एक मोठी चक्कर मारून ते डिसेंबर १९९२ मध्ये पुन्हा पृथ्वीपाशी आलं, आणखी एक झोका घेतला आणि मग कुठे गुरूच्या वाटेला लागलं. सहा वर्षांचा प्रवास!

पण या वाकड्या वाटेचा एक फायदा झाला. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. ग्रह होता होता राहिलेले दगडधोंडे तिथे लाखोंच्या संख्येनं सूर्याभोवती फिरत असतात. सिनेमात दाखवतात तशी तिथे दाटी मात्र नसते हं! दोन मोठ्या लघुग्रहांमध्ये लाखो किलोमीटर मोकळी जागा असते. गॅलिलिओची वाट या पट्ट्यातून दोनदा जात होती. शास्त्रज्ञांनी नकाशे पाहिले, आकडेमोड केली आणि वाटेत दोन लघुग्रह शोधले. थोडीशी वाट वाकवली तर दोघांच्याही जवळून जाता येणार होतं. त्यातला एक गॅस्प्रा, दुसरा इडा.

न उघडलेली छत्री

आता त्या छत्रीबद्दल सांगतो. यानानं काढलेली चित्रं पृथ्वीवर पाठवायला अँटेना लागते. गॅलिलिओची मुख्य अँटेना चांगली ४.८ मीटर रुंद होती. एवढी मोठी वस्तू शटलमध्ये मावणार कशी? म्हणून ती छत्रीसारखी मिटवून ठेवली होती. अठरा काड्या आणि त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेली बारीक तारेची जाळी. शुक्राजवळचं ऊन सोसायचं असल्यामुळे ती तोवर मिटलेलीच होती.

११ एप्रिल १९९१ रोजी पृथ्वीवरून हुकूम गेला : छत्री उघड. मोटर सुरू झाली. पण छत्री अर्धवट उघडून अडकली. काही काड्या मधल्या दांड्याला घट्ट धरून बसल्या, त्या सुटेचनात.

पावसाळ्यात आपली छत्री अडकली तर आपण काय करतो? झटका देतो, काडी हातानं सरळ करतो. इथे हात पोचणार कसा? यान कोट्यवधी किलोमीटर दूर! तरी कॅलिफोर्नियातल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतल्या मंडळींनी हार मानली नाही. त्यांनी यान उन्हाकडे वळवून अँटेना तापवली, मग सावलीत नेऊन गार केली. तापल्यावर धातू प्रसरण पावतो, गार झाल्यावर आकुंचन पावतो, हे तुम्ही शाळेत शिकला आहातच. तसं करून काड्या सुटतील अशी आशा होती. नाही सुटल्या. मग मोटरींना हजारो वेळा बारीक बारीक ठोके द्यायला लावले. तरीही नाही.

असं का झालं असावं? तज्ज्ञांनी पुष्कळ विचार केला. यान लांबलेल्या वर्षांत कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांच्यामध्ये ट्रकमधून ये-जा करत होतं. त्या हादऱ्यांनी काड्यांच्या टोकांवरचं वंगण घासून गेलं असावं, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. अब्जावधी रुपयांच्या मोहिमेची छत्री अडकली ती चिमूटभर वंगणापायी!

आता उरली होती एक छोटी, कमजोर अँटेना. ती किती कमजोर होती, ते आपण गणितानंच पाहू. गॅलिलिओच्या कॅमेऱ्याचं एक चित्र म्हणजे ८०० आडवे आणि ८०० उभे ठिपके. एकूण ६,४०,००० ठिपके झाले. प्रत्येक ठिपका किती उजळ आहे हे सांगायला ८ बिट लागतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढी सर्वांत छोटी माहिती. म्हणजे एका चित्राला ५१,२०,००० बिट. मोठी अँटेना सेकंदाला १,३४,००० बिट पाठवू शकली असती. चाळीस सेकंदांच्या आत चित्र पृथ्वीवर! लघुग्रहांची चित्रं पाठवताना छोट्या अँटेनाचा वेग होता सेकंदाला जेमतेम ४० बिट. भागाकार करून पाहा. १,२८,००० सेकंद, म्हणजे साडेपस्तीस तास. एका चित्राला!

मग काढलेली चित्रं तोवर ठेवायची कुठे? गॅलिलिओवर एक टेपरेकॉर्डर होता. घरोघरी कॅसेटवर गाणी ऐकत असत ना, तशीच चुंबकीय फीत त्यातही होती. चित्रं फितीवर साठवायची आणि सवडीनं थोडी थोडी पाठवायची, असं ठरलं.

पहिलं स्टेशन : गॅस्प्रा

२९ ऑक्टोबर १९९१. गॅलिलिओ गॅस्प्रापासून १,६०० किलोमीटर अंतरावरून, सेकंदाला ८ किलोमीटर वेगानं निघून गेला. माणसानं पाठवलेलं यान एखाद्या लघुग्रहाला इतक्या जवळून भेटण्याची ती जगातली पहिलीच वेळ होती.

गॅस्प्राचा शोध १९१६ साली क्रिमियातल्या सिमेइझ वेधशाळेत नेउयमिन या रशियन खगोलशास्त्रज्ञानं लावला. काळ्या समुद्राच्या काठी गॅस्प्रा नावाचं हवा खायला जायचं गाव आहे, त्याचं नाव त्यानं लघुग्रहाला दिलं. यान पोचेपर्यंत, पंचाहत्तर वर्षं, मोठमोठ्या दुर्बिणींतूनही गॅस्प्रा म्हणजे नुसता एक ठिपका होता.

चित्रं आली आणि तो ठिपका एकदम जागा झाला, जागा म्हणजे ठिकाण! सुमारे १८ किलोमीटर लांबीचा ओबडधोबड दगड, साधारण चर्चगेट ते सांताक्रूझ एवढा. अंगावर जिकडेतिकडे खड्डे. गाव हवा खाण्याचं, म्हणून या खड्ड्यांना जगभरातल्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या आणि विश्रांतीच्या ठिकाणांची नावं दिली. त्यांत इंग्लंडमधलं बाथ आहे, क्रिमियातलं याल्टा आहे आणि आपल्या हिमाचल प्रदेशातलं मणिकरणही आहे. ना हवा, ना पाण्याचा थेंब अशा त्या दगडावर गरम कुंडांची नावं! आहे की नाही गंमत?

दुसरं स्टेशन : इडा

नाव ऐकून तुम्हांला आपली 'इडापिडा' आठवली असेल. तिला आपण लांबूनच नमस्कार करतो. या इडाला मात्र शास्त्रज्ञ मुद्दाम भेटायला चालले होते. ग्रीक पुराणात क्रीट बेटावर इडा नावाचा पर्वत आहे. देवांचा राजा झ्यूस लहानपणी तिथल्या गुहेत लपून वाढला अशी कथा आहे. झ्यूसचंच रोमन नाव ज्युपिटर, आणि इंग्रजीत गुरू ग्रहाला तेच नाव आहे. म्हणजे गुरूकडे निघालेला गॅलिलिओ वाटेत त्याच्या आजोळीच डोकावला म्हणा ना!

इडाचा शोध १८८४ साली व्हिएन्नात योहान पालिसा यांनी लावला होता. २८ ऑगस्ट १९९३ रोजी गॅलिलिओ तिच्यापासून सुमारे २,४०० किलोमीटरवरून गेला. वेग सेकंदाला १२.४ किलोमीटर. कॅमेरा चित्रं टिपत होता, टेपरेकॉर्डर फिरत होता. इडा नेमकी कुठे असेल ते पक्कं ठाऊक नसल्यामुळे अंदाजानं आजूबाजूच्या आकाशाचीही चित्रं घेतली होती. त्यामुळे कुठल्या चित्रात इडा आहे आणि कुठल्या चित्रात नुसता काळोख, हेच पृथ्वीवर कोणाला माहीत नव्हतं.

सप्टेंबरमध्ये थोडी चित्रं उतरवून घेतली. लांबट, बटाट्यासारखी, सुमारे ५६ किलोमीटर लांबीची इडा दिसली. चर्चगेटपासून जवळजवळ विरारपर्यंत! मग पृथ्वी आणि यान यांच्यामधलं अंतर वाढलं आणि चित्रं पाठवणं थांबवावं लागलं. उरलेली चित्रं महिनोन्‌महिने फितीवर तशीच पडून राहिली. आणि त्या फितीवर एक गुपित होतं.

तुरुंगाचे गज

फेब्रुवारी १९९४ मध्ये पुन्हा चित्रं मागवायला सुरुवात झाली. पण साडेपस्तीस तास थांबायचं आणि आलेल्या चित्रात नुसता काळोख निघायचा, हे कसं परवडणार? म्हणून एक युक्ती काढली. प्रत्येक चित्राच्या काही ओळी मागवायच्या, मधल्या कित्येक ओळी गाळायच्या, पुन्हा काही ओळी मागवायच्या. असं चित्र पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, गजांमधून पाहिल्यासारखं. शास्त्रज्ञ गमतीनं त्यांना 'तुरुंगाचे गज' म्हणत. इडा कुठे आहे एवढं कळायला ते पुरेसे होते. ती सापडली, की तेवढंच चित्र पुरतं मागवायचं.

अ‍ॅन हार्च या गॅलिलिओच्या छायाचित्र गटात काम करत होत्या. १७ फेब्रुवारी १९९४ रोजी त्या असेच पट्टे तपासत होत्या. इडा सापडली. पण तिच्या शेजारी, बऱ्यापैकी लांब, आणखी काहीतरी उजळ दिसत होतं.

हे काय असेल? तारा? कॅमेऱ्यातला दोष? की पलीकडून चाललेला दुसराच लघुग्रह? लघुग्रहांनाही चंद्र असतील अशी शंका खगोलशास्त्रज्ञांना पूर्वीपासून होती, पण पुरावा एकही नव्हता. म्हणून कोणी लगेच टाळ्या पिटल्या नाहीत. आधी दुसरा साक्षीदार शोधला. गॅलिलिओवर अवरक्त किरण टिपणारं एक वेगळं उपकरण होतं. त्याच्या नोंदींतही इडाशेजारी ती वस्तू सापडली. दोन उपकरणांच्या नोंदी जुळवून तिचं अंतर काढलं, तेव्हा ती इडाच्या अगदी जवळ निघाली. मार्च १९९४ मध्ये जगाला बातमी कळली : इडाला चंद्र आहे! पुढे तर तो तब्बल ४७ चित्रांत सापडला.

हा चंद्र केवढा? अवघा दीड किलोमीटर रुंद. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. म्हणजे हा चंद्र त्या विवराच्या तोंडात सहज बसेल! क्रीटच्या इडा पर्वतावर राहणाऱ्या डॅक्टिल नावाच्या पुराणातल्या मंडळींवरून त्याचं नाव ठेवलं डॅक्टिल. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ बोट. पर्वताएवढ्या इडाला हे एवढंसं बोट शोभलंही!

आणि हा चंद्र नुसता शोभेचा नव्हता. लघुग्रहाचं वजन करायला तराजू कुठून आणणार? पण चंद्र फिरताना दिसला, की त्याला धरून ठेवणाऱ्या लघुग्रहाचं वस्तुमान किती असेल ते ताडता येतं. डॅक्टिलमुळे कळलं, की इडाची घनता पाण्याच्या साधारण अडीच पट आहे. लोखंडाची घनता पाण्याच्या पावणेआठ पट असते. म्हणजे इडा लोखंडी गोळा नाही, दगडाची आहे.

इडावर उभं राहिलं तर

आता थोडा वेळ आपण यानातून खाली उतरू. मनानं उतरायला काय हरकत आहे?

इडा स्वतःभोवती ४ तास ३८ मिनिटांत एक फेरी मारते. समजा तिथे शाळा आहे आणि सूर्य उगवला तेव्हा, अकरा वाजता, घंटा झाली. सव्वाच्या सुमाराला सूर्य मावळेल! पावणेचारच्या आत तो पुन्हा उगवेल आणि सहाच्या आत पुन्हा मावळेल. एका शाळेत दोन दिवस!

पृथ्वीवर तुमचं वजन ३६ किलो असेल, तर तिथे काट्यावर ते फार तर एखाद्या लिंबाएवढं भरेल. क्रिकेट खेळायचं म्हणाल तर जरा जपून. पृथ्वीवरचा वेगवान गोलंदाज ताशी १४० किलोमीटर वेगानं चेंडू टाकतो. इडावरून ताशी सुमारे ७० किलोमीटर वेगानं फेकलेली वस्तू परत खाली येतच नाही. म्हणजे गोलंदाजानं टाकलेला वेगवान चेंडू अंतराळात गेला तो गेलाच. दर चेंडूला नवा चेंडू आणायचा कुठून?

भोवती करडी, खड्ड्यांनी भरलेली जमीन, इमारतींएवढे आणि त्याहून मोठे धोंडे, वर भरदिवसाही काळं आकाश. आणि त्या आकाशात डॅक्टिल. आपल्या चंद्राच्या मानानं तो धुळीच्या कणाएवढा, पण इतका जवळ, की आपल्या चंद्रापेक्षा जवळपास दुप्पट रुंद दिसेल. खुद्द डॅक्टिलवर मात्र उड्या मारायच्या नाहीत बरं का! तिथे जोरात उडी मारलीत तर तुम्ही परत खाली येणारच नाही.

पुढे काय झालं

गॅलिलिओ ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरूपाशी पोचला. छत्री शेवटपर्यंत उघडली नाही. पण पृथ्वीवरच्या मंडळींनी माहिती कमी बिटांत बसवायच्या नव्या रीती शोधल्या, जमिनीवरच्या अँटेना सुधारल्या, आणि त्या लंगड्या यानाकडून ठरवलेल्या कामापैकी सुमारे सत्तर टक्के काम करून घेतलं. २१ सप्टेंबर २००३ रोजी इंधन संपत आल्यावर त्याला गुरूच्या वातावरणात सोडून दिलं. गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्रावर बर्फाखाली पाणी असावं, तिथे चुकून यान आदळून पृथ्वीवरचे जंतू पोचू नयेत म्हणून ही काळजी.

डॅक्टिलनंतर एकेक करत शेकडो लघुग्रहांचे चंद्र सापडले. १ नोव्हेंबर २०२३ रोजी 'ल्यूसी' हे यान डिंकिनेश नावाच्या लहानशा लघुग्रहाजवळून गेलं, तर त्यालाही चंद्र निघाला. बारकाईनं पाहिलं तर तो चंद्र म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन दगड!

या ज्ञानाचा उपयोग काय, असं तुमचे आईबाबा कदाचित विचारतील. त्यांना लोणारची आठवण करून द्या. अंतराळातून आलेला दगड आदळूनच ते विवर झालं, आणि तो दगड तर डॅक्टिलपेक्षा कितीतरी लहान होता. असा दगड पुन्हा पृथ्वीकडे येऊ लागला तर त्याला ढकलता येईल का, हे पाहायला २६ सप्टेंबर २०२२ रोजी 'डार्ट' हे यान मुद्दाम एका दगडावर आदळवलं. तो दगड म्हणजे डिडिमॉस या लघुग्रहाचा चंद्र डिमॉर्फॉस. त्याची एक फेरी आधी जवळजवळ बारा तासांची होती, ती धडकेनंतर सुमारे अर्ध्या तासानं कमी झाली. चंद्र होता म्हणूनच घड्याळ लावून धक्का मोजता आला. लघुग्रहांना चंद्र असतात, हे पहिल्यांदा नक्की कळलं होतं ते गॅलिलिओच्या त्या पट्ट्यांवरून.

गॅलिलिओची छत्री नीट उघडली असती, तर सगळी चित्रं भराभर आली असती आणि डॅक्टिल आठवड्याभरात सापडला असता. ती अडकली म्हणून एकेक ओळ निवडून मागवावी लागली, आलेली प्रत्येक ओळ डोळ्यांत तेल घालून पाहावी लागली. इडाला शोधत बसलेल्या एका बाईंनी इडा सापडल्यावरही चित्र बाजूला ठेवलं नाही. तिच्या शेजारचा तो बारीकसा उजेड काय आहे, हे त्यांनी विचारलं. तुम्हीही कुठलं चित्र पाहाल, फोटो पाहाल, तेव्हा मधला चेहरा पाहून झाल्यावर जरा कडेलाही नजर टाका.

आणि हो, जाता जाता एक गणित. छोट्या अँटेनानं सेकंदाला ४० बिट जात होते. डॅक्टिलची ४७ चित्रं पूर्णच्या पूर्ण मागवली असती, तर किती दिवस लागले असते? कागद-पेन्सिल घ्या आणि उत्तर काढून आईबाबांना दाखवा!